नटीची करुणा

आपल्या भाषेंत 'नाटक' ह्या शब्दाचा एक अर्थ कला असा आहे, आणि दुसरा खोटेपणा असा. कोणी उगाच गळा काढूं लागला कीं आपण त्यास नाटकी म्हणतों. ज्या महाराष्ट्रानें रंगभूमीवर एवढें प्रेम केलें त्याच्याच तोंडीं हा अविश्वास बसावा हें एक नवलच होय. म्हणूनच एखादी विख्यात नटी दुष्काळांतील मूल कडेवर घेऊन उभी असलेली छायाचित्रांत दिसली, तर आमच्या मनांत उठणारा पहिला प्रश्न त्या मुलाविषयीं नसतो. तो तिच्याविषयीं असतो. ही करुणा खरी, कीं हीहि एक भूमिकाच? हा प्रश्न क्षुद्र आहे असें आम्ही म्हणत नाहीं. भाव उत्पन्न करून दाखविणें हाच जिचा धंदा, तिच्या भावाची पारख करावी तरी कशी? ऑड्री हेपबर्न ह्या नटीच्या चरित्राच्या आधारें ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हेपबर्नबाईंचा जन्म ४ मे १९२९ रोजीं ब्रुसेल्स येथें झाला. दुसऱ्या महायुद्धाचीं वर्षें त्यांनीं हॉलंडांत, आर्नहेम व त्याशेजारील फेल्प ह्या गांवीं काढलीं. त्यांच्या मावशीच्या यजमानांस जर्मनांनीं १९४२ सालीं गोळ्या घालून ठार केलें. १९४४ च्या सप्टेंबरांत डच रेल्वेकामगारांनीं संप पुकारला. सूड म्हणून जर्मनांनीं अन्नाची वाहतूक अडविली, आणि त्या हिवाळ्यांत देशांतील सुमारें २०,००० माणसें उपासमारीनें मेलीं. लोकांनीं ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. पंधरा वर्षांच्या ह्या मुलीस पंडुरोग जडला, अंगावर सूज आली. युद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय मदतीचें जें अन्न त्या देशांत पोहोंचलें, तें खाऊन जगलेल्या मुलांपैकीं ती एक होती. ज्याचें जळतें त्यालाच कळतें असें आपण म्हणतों. परंतु कळलेलें पुढें लक्षांत राहतेंच असें नाहीं. भूक भोगलेलीं कितीएक माणसें संपन्न झाल्यावर भुकेचें नांव काढीत नाहींत.

पुढें 'रोमन हॉलिडे' हा चित्रपट १९५३ सालीं निघाला, त्यांतील भूमिकेबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि कीर्ति घर विचारीत आली. ह्याच काळांतील एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. ॲन फ्रँक ही यहुदी मुलगीहि १९२९ सालींच जन्मलेली. तीहि हॉलंडांतच लपून राहिली, आणि पुढें छळछावणींत मरण पावली. तिच्या रोजनिशीवरील चित्रपटांत, जो १९५९ सालीं निघाला, ॲनची भूमिका करण्याविषयीं हेपबर्नबाईंस विचारण्यांत आलें. त्यांनीं ती नाकारली. तें दुःख पुन्हां जगणें त्यांस सोसवेना, हें त्या नकाराचें एक मुख्य कारण होतें. पुढें १९९० सालीं मात्र, मायकेल टिल्सन टॉमस ह्या संगीतकारानें रचलेल्या वाद्यवृंदाच्या साथीनें, त्याच रोजनिशींतील उतारे त्यांनीं व्यासपीठावरून वाचले, आणि तेहि संयुक्त राष्ट्रांच्या 'युनिसेफ' ह्या बालकसंस्थेच्या मदतीसाठीं. जें दुःख चित्रपटासाठीं उसनें देण्यास त्या धजल्या नाहींत, तें परक्या मुलांसाठीं त्यांनीं स्वतः होऊन पुढें केलें. सोंगाला अशी निवड करण्याचें कारण पडत नाहीं.

युनिसेफच्या सदिच्छा-दूत म्हणून त्यांनीं १९८८ सालीं इथिओपियाच्या दुष्काळी भागांत प्रवास केला. नंतर सुदान, बांगला देश, व्हिएतनाम येथें गेल्या. १९८९ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें साक्ष दिली. आणि १९९२ च्या सप्टेंबरांत सोमालियास गेल्या. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांचा कर्करोग उघडकीस आला, आणि २० जानेवारी १९९३ रोजीं स्वित्झर्लंडमध्यें त्यांचें निधन झालें.

येथें एक आक्षेप निघतो, व तो वजनदार आहे. उपाशी मूल हें नटीच्या औदार्याचा पडदा होऊन बसतें; देणाऱ्याची मूर्ति उजळते आणि घेणाऱ्याचें दैन्य प्रदर्शनांत मांडलें जातें. हा धोका खरा आहे, आणि कोणाचेंहि चरित्र तो पुसून टाकूं शकत नाहीं. पण रंगभूमीचा नियम असा कीं सर्वांचे डोळे नटाकडे लागावे. ह्या कामाचा नियम असा कीं नटाकडे लागलेले डोळे त्यानें दुसऱ्याकडे वळवावे. छायाचित्रकार हेपबर्नबाईंसाठीं आले, आणि परत जातांना त्या मुलांचें चित्र घेऊन गेले. सुंदर मुखावांचून जगानें त्या मुलांकडे पाहिलेंच नसतें, ही लाज जगाची आहे, त्या मुखाची नव्हे.

शिवाय दया आणि हक्क ह्यांत भेद आहे. दया देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. हक्क तसा नसतो. २० नोव्हेंबर १९८९ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें बालहक्कांचा करार मान्य केला, आणि जगणें, आरोग्य, शिक्षण ह्या गोष्टी मुलाला भिक्षा म्हणून नव्हेत तर हक्क म्हणून देय ठरल्या. नटीचे अश्रू फार झालें तर पैसे जमवितील. सरकारी समितीपुढें दिलेली साक्ष राज्यकर्त्यांस त्यांच्या देण्याची आठवण करून देते. सोमालियांतील उपासमार केवळ अवर्षणानें नव्हे, यादवी युद्धानेंहि ओढवली होती. ती कोणाच्या कडेवर घेण्यानें संपणारी नव्हती. पण मूल कडेवर घेणें आणि सत्तेला जाब विचारणें हीं दोन्ही कामें एकाच माणसानें करूं नयेत, असा नियम कोठें आहे?

हेतु शुद्ध होता कीं नव्हता, ह्याचा निवाडा आम्हांस करतां येत नाहीं, आणि तो करण्याची घाई ज्यांस असते त्यांचा हात बहुधा खिशाबाहेर निघालेला नसतो, हा आमचा स्वतःविषयींचाहि अनुभव आहे. छायाचित्र पाहून नटीची परीक्षा करीत बसण्याऐवजीं, तिच्या कडेवरच्या मुलाकडे पहावें, आणि त्याचें आमच्याकडे कांहीं येणें आहे कीं काय, एवढें तरी स्वतःस विचारावें.