‘छी!’ ह्या शब्दाविषयीं

तान्हें मूल अंगणांतली माती तोंडांत घालूं लागलें कीं आई म्हणते, “छी! टाकून दे.” बाळाला अजून स्वतःचें नांव सांगतां येत नाहीं, तोंच हा शब्द त्याला कळूं लागतो. व्याकरणकार ह्यास केवलप्रयोगी अव्यय म्हणतात, व ‘शी’, ‘थू’, ‘हट्’ ह्यांच्यासह तिरस्कारदर्शकांच्या पंक्तीस बसवितात. ‘अरेरे’ ह्या पंक्तींत नाहीं, तें शोकदर्शक. वाचकहो, हा भेद व्याकरणापुरता नाहीं. ‘अरेरे’ म्हणणारा जवळ येतो, ‘छी’ म्हणणारा मागें सरतो.

मग ख्रिस्ती मनुष्यानें हा शब्द टाकूनच द्यावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. लांच, खोटी साक्ष, बायकोवर उगारलेला हात, हें पाहून ज्याच्या तोंडून ‘छी’ निघत नाहीं त्याचें मन बधिर झालें आहे. अन्याय करणाऱ्यांच्या सणांचा व गायनांचा देवाला वीट येतो, असें आमोस संदेष्ट्यानेंही सांगितलें. परंतु आपल्या भावाला ‘राका’ म्हणणारा न्यायसभेच्या दंडास पात्र होतो, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. हा अरमी भाषेंतला शब्द, अर्थ रिकाम्या डोक्याचा. एवढ्याशा शब्दासाठीं न्यायसभेचें नांव घ्यावें, ह्याचें आम्हांस पूर्वीं नवल वाटे.

अडचण अशी कीं, वस्तूला म्हटलेली ‘छी’ माणसाला केव्हां लागते हें कळत नाहीं. मुलुंडची कचराभूमी २०१८ सालीं बंद झाली; तोंवर जवळून जाणारे नाकाला रुमाल लावून ‘छी’ म्हणत. तें घाणीला उद्देशून होतें, कीं तींत हात घालून कचरा वेचणाऱ्याला, हें त्यांनाही सांगतां आलें नसतें.

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें कुष्ठी मनुष्यास आपण अशुद्ध आहों असें स्वतःच ओरडत जावें लागे. म्हणजे इतरांची ‘छी’ त्यानें आपल्याच तोंडानें म्हणावयाची. मार्काच्या पहिल्या अध्यायांत प्रभूनें अशा एकाला आधीं हात लावला, मग तो शुद्ध होण्याचा शब्द उच्चारला. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे.

आमच्या महाराष्ट्रांत तर ह्या अव्ययाला ‘विटाळ’ हें नाम मिळून त्याचा मोठा आचारधर्म झाला. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ ह्या पुस्तकांत आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत दिली आहे; त्यांच्या घरीं मीठसुद्धां धुऊन घेत. वाचतांना हसूं येतें. पण ज्यांना ह्याच ‘छी’पायीं पाण्याला शिवतां येत नसे, त्यांना हसूं कोठून येणार? १९२७ सालीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां कांहीं लोकांनीं त्या तळ्यांत पंचगव्य ओतून तें ‘शुद्ध’ केलें! १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. जीभ मात्र मागें राहिली आहे, व ती दुसऱ्यांचीच नव्हे.

एका रविवारीं उपासना आटोपून आम्ही अंधेरी स्टेशनांत बोरिवलीकडच्या गाडीची वाट पाहत होतों. एका कोळणीनें मासळीची पाटी डोक्यावरून उतरवून शेजारीं ठेविली. पाटींतलें पाणी आमच्या पायांवर उडालें, व तोंडून निघालें, “छी!” हातांत गीतपुस्तक होतें. आपण पाण्याला म्हणालों, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. पण पाण्याला कान नसतात. बाईनें वर पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं, पदरानें फलाटावरचें पाणी पुसूं लागली. आदल्याच दिवशीं मासळीचें कालवण आम्हीं दोनदां मागून घेतलें होतें. क्षमा मागावी असें मनांत आलें. पण मंडळीचे दोन वडील शेजारीं उभे होते, त्यांच्यादेखत कशी मागावी, ही लाज आडवी आली. गाडी आली तशी ती पाटी उचलून मालडब्याकडे गेली व आम्ही आमच्या डब्यांत चढलों.

त्यानंतर कित्येक रविवारीं आम्ही त्याच जागीं उभे राहिलों. ती बाई पुन्हां दिसली नाहीं.