तंबूची दोन दारं

लढाया गाजवलेल्या सेनापतीला निवृत्तीनंतर परदेशी वकिलातीत पाठवायचं, ही आपल्या सरकारची जुनी रीत. करिअप्पा ऑस्ट्रेलियाला गेले, जनरल चौधरी कॅनडाला. १९६२च्या पराभवात सरसेनापतिपद सोडलेले जनरल थापर १९६४मध्ये राजदूत म्हणून काबूलला गेले. (अशा नेमणुकीत सन्मान किती आणि दूर पाठवणी किती, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.) कोल्हापूरच्या लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांना मात्र वकिलात कधी मिळाली नाही. १९६१मध्ये थिमय्यांनी आपल्यामागे सरसेनापती म्हणून त्यांचंच नाव सुचवलं होतं. सरकारने थापरांना निवडलं. थोरात निवृत्त झाले आणि पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. तरीही सैनिकाच्या मुत्सद्देगिरीचा विषय निघाला की मला थोरातच आठवतात. राजदूत न होता त्यांनी ते काम केलं, आणि तेही गणवेश अंगावर असताना.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं इथलं, माबेल्यातलं. मी पोस्टडॉक आहे, भूजलावर काम करतो आणि भाडं परवडतं म्हणून औद्योगिक वसाहतीजवळ राहतो. खाली गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं, टायरवाले. त्यातल्या एका गाळ्यात राजापूरकडचा एक वेल्डर आहे. त्याचा करार संपला होता, पगार थकला होता. मालकाचे धाकटे भाऊ, भले गृहस्थ, त्याला काय हवंय ते विचारायला आले आणि त्यांनी इंग्रजी समजणारा म्हणून मला बोलावलं. प्रश्न साधा होता: घरी जायचंय की आणखी एक वर्ष राहायचंय? शेजारी फोरमन हाताची घडी घालून उभा. वेल्डरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "राहतो." मी इंग्रजीत सांगितलं, "तो राहायचं म्हणतोय." भाषांतर अचूक होतं. चहा झाला, मी वर आलो.

त्या रात्री मला कोरियातले तंबू आठवले.

जुलै १९५३मध्ये कोरियात शस्त्रसंधी झाली, पण ती महिनोन्महिने अडली होती ती युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतायला तयार नाहीत, असं अमेरिका म्हणत होती. त्यांना धमकावून तसं वदवून घेतलंय, असं चीन म्हणत होता. तोडगा असा निघाला की हे कैदी एका तटस्थ देशाच्या ताब्यात द्यायचे, त्यांच्या देशाच्या माणसांनी त्यांना समजावायचं आणि मग कैद्याने स्वतः ठरवायचं. पाच देशांचा आयोग नेमला गेला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी सांभाळायची फौज एकट्या भारताची, आणि तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे सिंगमन ऱ्ही भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून ही फौज हेलिकॉप्टरांनी निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. कुणालाच नको असलेले पाहुणे!

ताब्यात आले सुमारे साडेबावीस हजार कैदी. सप्टेंबरमध्ये, पहिल्याच दिवसांत, चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेलं. थोरातांनी तुकडी आत पाठवली नाही. ते स्वतः निःशस्त्र आत गेले, संतापलेल्या जमावात उभे राहून बोलत राहिले आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. हेच थोरात आठ वर्षांपूर्वी आराकानात, कांगॉच्या लढाईत, पंजाब पलटण घेऊन जपान्यांवर तुटून पडले होते आणि त्याबद्दल त्यांना डीएसओ मिळालं होतं. आपण पहिल्या प्रसंगाला मुत्सद्देगिरी म्हणतो आणि दुसऱ्याला शौर्य. मला ही वाटणी पटत नाही. हातात बंदूक असलेल्या माणसाने ती न वापरायचं ठरवणं आणि बंदूकच नसलेल्याने न वापरणं, यांची नैतिक किंमत एक नाही.

पण थोरातांना पुतळा करून ठेवावं, असाही त्या महिन्यांचा इतिहास नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अगदी गांधीजयंतीच्या दिवशीही, चालून आलेल्या कैद्यांवर भारतीय पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. कुंपणाच्या आत कैद्यांच्याच टोळ्यांचं राज्य होतं. परत जाईन म्हणणाऱ्याला रात्री सोबतीच मारत, आणि बाहेर पहारा भारताचा असे.

समजावणी तंबूत चाले. कैदी एकेकटा आत येई. समोर त्याच्या देशाचे अधिकारी, भोवती आयोगाचे प्रतिनिधी. शेवटी दोन दारं: एक मायदेशाकडे, दुसरं परत कुंपणात. ठरले होते नव्वद दिवस. प्रत्यक्षात समजावणी झाली जेमतेम दहा दिवस. कधी कैदी यायलाच नकार देत, कधी समजावणारे अडून बसत. कैद्यांना फरफटत तंबूत आणावं, असा दबाव होता. भारताने ते केलं नाही. जानेवारी १९५४मध्ये बहुतेक कैदी ज्यांनी दिले त्यांनाच परत केले. सहाशेच्या आसपास मायदेशी गेले. अठ्ठ्याऐंशी जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतीय फौजेबरोबर जहाजाने भारतात आले.

मला छळतो तो पहिल्या दाराचा हिशेब. कैद्याने स्वतः ठरवायचं, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण तंबूत एकटा असलेला माणूस तंबूत येईपर्यंत एकटा नव्हता. आदल्या रात्री त्याच्या शेजारी कोण झोपलं होतं, त्यावर तो कुठल्या दाराने जाणार हे ठरत होतं. तटस्थाने उत्तरात ढवळाढवळ करू नये, ठीक. प्रश्न कुणाच्या देखत विचारला जातोय, हे बघणं मात्र त्याच्याशिवाय कुणाच्या हातात असतं? भारतीयांना याची जाणीव होती, हे दिसतं. कुंपण ओलांडून पहारेकऱ्याकडे आलेल्या आणि मला परत जायचंय म्हणालेल्या कैद्याला ते थेट वेगळं काढत, तंबूची वाट न बघता. नियमांच्या कागदात मावणारी मुत्सद्देगिरी तंबूत संपत होती. कुंपणापाशी तिला सैनिकाची सावध नजर लागत होती. ती नजर सगळीकडे पुरली नाही, साडेबावीस हजारांना पुरणारही नव्हती.

माझ्यासमोर एकच माणूस होता. फोरमनला मराठी येत नव्हतं. "एकटा भेटतोस का रे?" एवढं मी वेल्डरला म्हणालो असतो तरी ते फक्त आम्हा दोघांना कळलं असतं. मी म्हणालो नाही, कारण मला भाषांतरासाठी बोलावलं होतं आणि मध्ये पडणं हे माझं काम नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला त्या गाळ्यासमोरून रोज जावं लागतं आणि कटकट नको होती. या दोन कारणांतलं कुठलं आधी आलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

गेल्या शुक्रवारी तो एकटाच शटरपाशी बसला होता. मी थांबलो आणि या वेळी मराठीत विचारलं.

"आता सही झाली ना सर," तो म्हणाला. "तेव्हा विचारायला पायजे होतं." मग स्टूल माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बसा. पगाराचा कागद इंग्रजीत आहे, तेवढा वाचून दाखवा."