मूळ फाइल कुठे आहे?

बस खाली. आणि आधी सांग, मूळ फाइल कुठे आहे? ‘सर, तीच छोटी केली’ हे उत्तर नव्हे. अख्ख्या फोल्डरवर लूप फिरवलास, घोस्टस्क्रिप्टने काढलेली प्रत एमव्हीने मूळ नावावर चढवलीस आणि अर्ज भरून मोकळा झालास. आता मूळ असं काही उरलेलंच नाही.

हा तुझ्या आजोबांच्या नावचा फेरफार. मी चौपट मोठा करून दाखवतो. गट नंबरातला हा आकडा ३ आहे की ८? वाच, मोठ्याने वाच. हेक्टर आणि आर यांच्यामधला ठिपका कुठे गेला? मानकोलीत राहतोस ना? नाक्यापासून आतपर्यंत गोदामंच गोदामं झालेल्या या गावात एका गुंठ्यापायी भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात, हे मी तुला सांगायला हवं? आणि अशा कागदाला तू ‘स्क्रीन’ सेटिंग लावलंस. का, तर फाइल सगळ्यात लहान होते म्हणून.

फळ्यावर लिहून दिलं होतं. रंगीत आणि करड्या चित्रांसाठी स्क्रीन म्हणजे इंचाला ७२ ठिपके, ईबुक म्हणजे १५०, प्रिंटर म्हणजे ३००. ए-फोरचं पान ३०० वर स्कॅन केलं की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. ७२ वर आणलं की उरतात जेमतेम पाच लाख. दहा पॉइंटाच्या ओळीला उंचीत मिळतात फक्त दहा ठिपके. तेवढ्यात शिरोरेषा, वरची वेलांटी, अनुस्वार, खालचा उकार आणि मध्ये जोडाक्षर, हे सगळं बसवणार कुठे? आधी अनुस्वार जातो, मग मात्रा जाते, मग माणसाचं आडनाव बदलतं.

फॉर्मवर २५६ केबीची मर्यादा होती म्हणतोस. मग तुझी फाइल ४१ केबीची का? दोनशे केबी हाताशी असताना अक्षरं मारलीस! आधी ईबुक लावून बघायचं होतं. नाही बसली तर रंग काढून करडी करायची, कडेची रिकामी जागा कापायची. पीडीएफइमेजेसला लिस्ट मागितली असतीस तर आत चित्र किती रुंद, रंगीत की करडं, इंचाला किती ठिपके, सगळं एका ओळीत दिसलं असतं. तू फाइल उघडूनसुद्धा पाहिली नाहीस. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच.

सातबाऱ्याचं तर मला जास्त वाईट वाटतं. तो स्कॅन नव्हताच. महाभूमीवरून उतरवलेला, डिजिटल सहीचा, मुळातच लहान. त्याला लूपमध्ये घालायचं कारण काय? घोस्टस्क्रिप्ट आहे तीच फाइल दाबत नाही, ती वाचून नवी लिहितं. सही त्या मूळ फाइलीची होती. नव्या फाइलीत ती राहत नाही. पान डोळ्यांना तसंच दिसेल, पण पीडीएफसिग चालवून बघ, सही सापडणार नाही. १५ रुपये भरून सातबारा पुन्हा निघेल. फेरफाराचा कागद मात्र वकिलांकडे अडकलेला आहे, आणि त्याचा एकुलता एक धड स्कॅन तू पुसून टाकलास.

फुकटच्या वेबसाइटवर घरच्यांची आधार कार्डं चढवायचास, म्हणून मी तुला घोस्टस्क्रिप्टची ही कमांड शिकवली. कागद आपल्या मशीनवरून बाहेर जाऊ नयेत, एवढ्यासाठी. १९८८ पासून लोक हे साधन राबून सांभाळत आलेत आणि ते तुला फुकट मिळालंय. त्याला जे सांगशील तेच ते करतं. म्हणूनच सांगणाऱ्याने शुद्धीवर राहायला हवं.

आता ऊठ. आधी घरी वडिलांना खरं काय झालं ते सांग, तोंड लपवू नकोस. मग वकिलांना फोन करून वेळ घे, कागद ३०० वर करड्या रंगात स्कॅन कर आणि ती फाइल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून फक्त वाचनापुरती कर. प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या नावाने काढायची. अर्जात फाइल बदलायची मुदत कधीपर्यंत आहे तेही आजच बघ. उद्या क्लासच्या आधी ये. गट नंबर, क्षेत्र आणि प्रत्येक नाव स्क्रीनवर बघून मला वाचून दाखवायचं; एक जरी अनुस्वार अडला तरी पुन्हा करायला लावीन.