लाल दिसते म्हणून म्हातारी?

दीर्घिकेचा रंग हा तिच्या वयाचा दाखला. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा निळा तारा प्रखर जळतो आणि कोटभर वर्षांत संपतो. सूर्यासारखा पिवळा हजार कोटी वर्षं तग धरतो, लहान तांबडे तर त्याहूनही चिवट. नवे तारे जन्मत राहिले तरच दीर्घिका निळी राहते. जन्म थांबले की निळे आधी जातात, तांबूस मागे उरतात.

दूरच्या दीर्घिकेचा दाखला मात्र तपासूनच घ्यावा लागतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे तिचा प्रकाश वाटेत ताणला जातो. निघताना अतिनील असलेला इथे तांबडा होऊन पोचतो. म्हणजे फोटोत लाल दिसणारी दीर्घिका म्हातारी असेल, धुळीने झाकलेली असेल किंवा नुसतीच फार लांब असेल. वर्णपटातल्या ओळखीच्या रेषा किती सरकल्या यावरून ताण कळतो. तो हिशेबात धरला की तिचा स्वतःचा रंग हाती येतो.

खरी गोम पुढेच आहे. हा ताण आकाराच्या बाबतीतही फसवतो. डिसेंबर 1995मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षींतल्या रिकाम्या वाटणाऱ्या एका ठिपक्यावर दहा दिवस रोखली गेली. त्या चित्रात सुमारे 3,000 दीर्घिका निघाल्या. जवळच्यांत सर्पिल, लंबवर्तुळाकार अशा रीतसर पुष्कळ. दूरच्या कितीतरी वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या. बाल्यावस्थेत दीर्घिका बेढबच असतात, हा समज त्यातून पक्का होत गेला.

पण अतिदूरच्या दीर्घिकांचा हबलने टिपलेला प्रकाश मुळात अतिनील, म्हणजे मुख्यतः तरुण ताऱ्यांचा. दिवाळीच्या रात्री टेकडीवरून गाव पाहिलं तर रोषणाईची घरं तेवढी उठून दिसतात, गावाची आखणी कळत नाही, तसंच हे. जुन्या ताऱ्यांची शांत तबकडी पाहायची तर अवरक्त नजर हवी. जेम्स वेब दुर्बिणीने 2022पासून ती दिली आणि हबलने बेढब ठरवलेल्या अनेक दीर्घिकांत तबकडी सापडली.

सगळाच दृष्टिभ्रम होता असं नाही. हजार कोटी वर्षांपूर्वी तारे आजच्यापेक्षा कितीतरी वेगाने जन्मत होते, दीर्घिकांत वायू खच्चून भरलेला होता; त्या गाठी खऱ्याच. हा वेग पुढे का ओसरला, याचा एक धागा आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 2020मध्ये दिला. 800 कोटी वर्षांपूर्वीच्या हजारो दीर्घिकांचे क्षीण रेडिओ संदेश एकत्र करून त्यांच्यातला हायड्रोजन मोजला गेला. साठा मोठा होता, पण खर्चही तसाच: बाहेरून भर पडली नाही तर शंभर-दोनशे कोटी वर्षांत तो संपला असता.

तेव्हा दीर्घिका बदलतात हे खरं, पण ‘आधी गबाळ्या, मग नीटनेटक्या’ ही सरळ रेघ आता पुसायला हवी. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांना वेबच्या निरीक्षणांत ‘अलकनंदा’ ही दीर्घिका सापडली आहे: दोन रेखीव भुजांची, सर्पिल, आणि विश्व जेमतेम 150 कोटी वर्षांचं असतानाची.