टाचेची तक्रार आणि साधकाचा धर्म

वैद्याच्या सांगण्यावरून म्हणा, की स्वतःच्याच शरीराचे शैथिल्य असह्य झाल्यामुळे म्हणा, जो मनुष्य पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी पहाटे उठून फिरावयास जाण्याचा संकल्प करतो, त्याच्या संकल्पाची खरी परीक्षा बहुधा आठ-पंधरा दिवसांनी, अंथरुणावरून उतरून जमिनीवर ठेवलेल्या पहिल्या पावलात होते. टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या अंगाला, अशी कळ उठते की हात आपोआप भिंतीचा आधार शोधतो. दहा-वीस पावले टाकल्यावर ती ओसरते, दुखणे गेले असे वाटू लागते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा हजर होते. अशा वेळी घरात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘सुरुवातीला दुखायचेच, सोसले म्हणजे अंगवळणी पडेल.’ दुसरा म्हणतो, ‘या वयात हा नसता उद्योग मांडलाच कशाला? स्वस्थ बसा.’ वरवर पाहता हा वाद व्यायामाचा आहे. परंतु नव्या साधनेत देहाला होणारी पीडा निष्ठेची खूण मानावी की मर्यादा ओलांडल्याची सूचना मानावी, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या धर्मविचाराइतकाच प्राचीन आहे.

या प्रश्नाचा मला ठाऊक असलेला सर्वांत उद्बोधक निवाडा विनयपिटकाच्या महावग्गात, आणि तोही भिक्षूंच्या पादत्राणांविषयीच्या प्रकरणात, सापडतो. चंपानगरीच्या एका श्रेष्ठीचा सोण कोळिविस नावाचा पुत्र इतक्या लाडाकोडात वाढलेला होता की, त्याच्या तळपायांवर कोवळी लव उगवली होती आणि ते अपूर्व पाय पाहण्यासाठी मगधाधिपती बिंबिसाराने त्याला मुद्दाम बोलावून घेतले होते. हाच सोण पुढे बुद्धाचा उपदेश ऐकून प्रव्रजित झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण, म्हणजे एका ठरावीक वाटेवर येरझारा घालीत करावयाचे ध्यान, अशा निकराने करू लागला की, जन्मात कधी खडबडीत भूमीला न लागलेले ते तळवे फाटले आणि चंक्रमणाची सारी वाट रक्ताने भरली. इतका खटाटोप करूनही चित्त मुक्त होत नाही हे पाहून त्याच्या मनात आले की, घरी अमाप संपत्ती आहे. परत जावे, तिचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा. अतिरेकाने आरंभ करणाऱ्याच्या मनात परतीचा विचार किती लवकर येतो, हे या कथेने अचूक टिपले आहे.

बुद्ध त्याच्याकडे आले. सोण गृहस्थाश्रमात वीणावादनात निपुण होता, म्हणून त्यांनी त्याला त्याच्याच कलेतला प्रश्न विचारला: तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? दोन्ही वेळा ‘नाही’ असे उत्तर आल्यावर त्यांनी सांगितले की, अतिप्रयत्नाने चित्त विक्षिप्त होते आणि अल्पप्रयत्नाने आळसावते. म्हणून उद्योग समतोल ठेवावा. हा उपदेश करणाऱ्याने उरुवेलेच्या अरण्यात स्वतःचा देह अस्थिपंजर होईपर्यंत उपोषणे केलेली होती, आणि तो मार्ग निष्फळ आहे असे प्रत्यक्ष अनुभवाने ठरवून तो सोडलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. रक्ताळलेले पाय पाहून बुद्धांनी सोणाची वाहवा केली नाही आणि ‘तुला हे झेपणार नाही, घरी जा’ असेही म्हटले नाही. साधना कायम ठेवून तिचा वेग बदलावयास त्यांनी त्याला शिकविले, आणि त्याच वाटेने सोण पुढे अर्हत्पदाला पोहोचला.

यावर कोणी आक्षेप घेईल की, शीतोष्ण आणि सुखदुःखे येतात व जातात, ती सहन कर, असे भगवंतांनी अर्जुनाला गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात सांगितले आहे, त्याचे काय? तितिक्षा हा मोठा गुण आहे यात शंका नाही. परंतु ती तितिक्षा आपल्या इच्छेवाचून प्राप्त झालेल्या, टाळता न येणाऱ्या द्वंद्वांविषयी आहे. आपणच हट्टाने ओढवून घेतलेल्या आणि उद्या वाट थोडी आखूड केली तर टळणाऱ्या पीडेला तिचे नाव देता येत नाही. त्याच गीतेचा सहावा अध्याय अतिआहारी आणि निराहारी, अतिनिद्र आणि अतिजागर, अशा दोघांनाही योगाचा अधिकार नाकारतो. आणि सतरावा अध्याय तर दंभाने व अहंकाराने देहाला क्लेश देणाऱ्यांविषयी असे निक्षून सांगतो की, ते त्या देहात वसणाऱ्या भगवंतालाच क्लेश देत असतात. मूढ आग्रहाने, स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला त्याच अध्यायाने तामस ठरविले आहे. दुखऱ्या टाचेने काल ठरविलेले अंतर आज पुरे केलेच पाहिजे, असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या आग्रहात आरोग्याची इच्छा किती आणि स्वतःविषयीचा अभिमान किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे तपासावे.

देहाचा आपला असा एक कायदा आहे आणि तो जाणून घेणे हेही धर्माचेच अंग आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून गेलेला एक चिवट पट्टा पायाची कमान तोलून धरतो. सवय नसता त्याच्यावर एकाएकी भार वाढला की टाचेपाशी तो दुखावतो. रात्रभर पाय सैल पडल्याने आखडतो आणि पहाटेच्या पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून ती कळ. स्नायूंना काही आठवड्यांत बळ येते, पण असले पट्टे, कंडरा आणि हाडे यांना नव्या भाराशी जुळवून घ्यावयास त्याहून पुष्कळ अधिक मुदत लागते. दम आणि उमेद आधी वाढते, तळवा मागून येतो. आणि मागून येणाऱ्यासाठी थांबणे ही अहिंसाच होय.

वेदनेवाचून पाय असता तर बरे झाले असते, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी डॉ. पॉल ब्रँड यांच्या कार्याचे स्मरण करावे. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आल्यानंतर कुष्ठरुग्णांची सेवा करताना त्यांना असे आढळले की, ज्या झडलेल्या बोटांमुळे व चिघळलेल्या तळव्यांमुळे समाज या रुग्णांना भीत असे, ती हानी मुख्यतः संवेदना नष्ट झाल्यामुळे होत होती; दुखत नसल्यामुळे रुग्ण जखमी पायावर तसाच चालत राही आणि पाय गमावी. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावते त्यांच्यावरही हाच प्रसंग येतो. वेदना ही ईश्वराची देणगी आहे, असे ब्रँड आयुष्यभर सांगत राहिले. जी वेदना आपली राखण करते तिला केवळ शत्रू समजून दडपणे म्हणजे फिर्यादीचे म्हणणे न ऐकताच तिचे तोंड बंद करणे होय.

सोणाच्या कथेचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतकाच मोलाचा वाटतो. तो सुकुमार असल्यामुळे बुद्धांनी त्याला एका तळाची वहाण वापरण्याची मुभा दिली. परंतु ऐंशी गाड्या सोने सोडून आलेल्या सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारण्याचे नाकारले आणि संघाला मिळत असेल तरच मीही घेईन असे विनविले, तेव्हा ती मुभा साऱ्या भिक्षुसंघाला मिळाली. एकाच्या पायाच्या वेदनेतून सर्वांच्या पायांची काळजी जन्माला आली. आपल्या पंढरीच्या वारीतही हीच करुणा नांदते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटरांचे अंतर पालखी एका दमात कापीत नाही; पुण्यात आणि दिवेघाट चढून गेल्यावर सासवडात तिचा दोन-दोन दिवस मुक्काम असतो, वाटेत ठिकठिकाणी विसावे असतात. त्या मुक्कामांवर अनोळखी माणसे वारकऱ्यांचे पाय तेलाने रगडतात, फोडांवर मलमपट्टी करतात, तुटलेल्या वहाणा मोफत शिवून देतात. भक्तीचा एवढा मोठा पायी सोहळा विश्रांतीला आपल्या क्रमातच स्थान देतो, आणि त्यामुळे कोणाची निष्ठा उणी ठरत नाही.

म्हणून नव्याने चालू लागलेल्या आणि टाचेने अडविलेल्या वाचकाला माझी विनंती आहे की, त्याने संकल्प सोडू नये, केवळ अंतर निम्म्यावर आणावे आणि दुखणे शमल्यावर ते आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे. अंथरुणातून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने स्वतःकडे ओढून तळवा व पोटरी हलकेच ताणावी, टाचेला आधार देणारी वहाण वापरावी आणि काही दिवस घरातल्या कठीण फरशीवरही अनवाणी फिरू नये. हाडाच्या एकाच बिंदूवर दुखत असेल आणि प्रत्येक पावलागणिक ते वाढत असेल, सूज किंवा बधिरता असेल, अथवा मधुमेह असेल, तर विनाविलंब वैद्याकडे जावे; त्यात साधनेचा भंग नाही. तळव्याची तक्रार ऐकून वाट आखूड करणारा मनुष्य आपल्या व्रताला जितका निष्ठावंत असतो, तितका ती तक्रार दडपून चालणारा नसतो.