पाप कुणाच्या माथी?

धुळे-जळगावच्या सत्र न्यायालयांत फौजदारी वकिली करताना आरोपीचा बाप हमखास विचारतो, "वकीलसाहेब, मशीन खोटं बोलस का?" मी सांगतो, डीएनए तपासणारं मशीन खोटं बोलत नाही. पण पुढ्यातलं रक्त कुणाचं, हे बाटलीवरच्या चिठ्ठीवरून ठरतं आणि चिठ्ठी माणूस चिकटवतो.

ती बाटली ज्यात जाते, ते पुराव्याचं पाकीट जवळून पाहा. खाकी कागद, सुतळी, लाख, पंचांच्या सह्या. डॉक्टर नमुना काढतात, हवालदार ठाण्यात आणतो, मुद्देमाल कारकून नोंद करतो, आणखी कुणी शिपाई ते प्रयोगशाळेत पोचवतो. मधले दिवस पाकीट कुठे होतं? खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा उन्हाळ्यात नमुना कपाटात पडून राहिला तर त्यातला डीएनए खराब होऊ शकतो. हाताळणी ढिली असेल तर दुसऱ्याचा अंश मिसळू शकतो. शेवटी कोर्टात येतो तो गोल शिक्क्याचा सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो, उलटतपासणीला उभा राहतो. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल मात्र त्याला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 मधली ही मुभा नव्या कायद्यातही कायम आहे.

याची किंमत काय असते, हे ठाणे जिल्ह्यातल्या 2010 च्या एका खटल्यात दिसलं. सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. नमुने पाठवायला उशीर का झाला, याचं उत्तर नव्हतं. ते दूषित झाले नाहीत, अशी खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. आरोपीचा जबाब मराठीत लिहिलेला होता आणि त्याला मराठी येत नव्हतं. माणूस फाशीच्या छायेत जगला आणि त्या लेकराला न्यायही मिळाला नाही.

आता पाप कुणाचं? डॉक्टर म्हणतील, मी नमुना दिला. हवालदार म्हणेल, मी पोचवला. तज्ज्ञ म्हणतील, आलं ते तपासलं. न्यायाधीश म्हणतील, अहवालावर विश्वास ठेवला. प्रत्येकाने नेमून दिलेलं काम केलं, कुणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. मग पाप हवेत विरलं म्हणायचं का?

मला याचं उत्तर धुळ्यातच मिळतं. 1932 मध्ये इथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि आमच्या अमळनेरचे साने गुरुजी ते लिहून घेत. तीच 'गीता प्रवचने'. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी, हा विनोबांचा आग्रह. त्या जोडीला ते विकर्म म्हणत. मन नसलेलं कर्म नुसती हालचाल उरते. गीता सांगते म्हणून फळाची आसक्ती सोडायची, पण कर्मातली काळजी सोडायला तिने कुठेही सांगितलेलं नाही. सील करताना, नोंद करताना या पाकिटावर कुणाचा तरी जीव टांगला आहे, हे ज्याच्या मनात नव्हतं, त्याचा वाटा त्या पापात आहे. आणि पाप दहा जणांत वाटलं म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येत नाही. प्रत्येकाच्या माथी पुरतं येतं, कारण त्यांतला एक जरी जागा असता तरी अनर्थ टळला असता.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये प्रयोगशाळेतली एक बाई न तपासताच अमली पदार्थांचे अहवाल देत राहिली. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने 21,000 हून अधिक खटले रद्द केले. तिने तर जाणूनबुजून केलं. पण तिच्या शिक्क्यावर डोळे मिटून विसंबणारे सज्जनच होते.

शंका घेतली तर गुन्हेगार सुटतील, असं लोक म्हणतात. उलट आहे. ठाणे जिल्ह्यातल्या त्या खटल्यात पाकीट नीट जपलं असतं तर कदाचित खरा गुन्हेगार सापडला असता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचा नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवायला आणि तो कुणाकुणाच्या हातून गेला याची नोंदवही खटला संपेपर्यंत ठेवायला सांगितलं. ही नोंदवही मला धर्मग्रंथाइतकी मोलाची वाटते. तिच्यातल्या प्रत्येक सहीने माणूस म्हणतो, हे माझ्या हातून झालं, जाब मला विचारा. तो जाब विचारणं हे वकिलाचं आणि न्यायाधीशाचं कर्म आहे. ते टाळून दिलेली शिक्षा योगायोगाने बरोबर ठरली, तरी तिला न्याय म्हणता येणार नाही.