कड्याचं माप

भर दुपारी कड्याचा फोटो काढू नये, हे मला वखरानं शिकवलं. बाराच्या उन्हात रान सगळं सपाट दिसतं. ऊन कललं की ढेकळाढेकळाची सावली पडते आणि पाळी कुठं वाकडी गेली ते बांधावरून कळतं. खडकाचंही तसंच. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. एका काठाला आपला नांदेड जिल्हा, दुसऱ्याला यवतमाळ. तिथला पाषाण दुपारी नुसता काळा. चारनंतर त्याच्या भेगा दिसायला लागतात, थर उठून येतात, अंगावर तांबूस झाक चढते. सूर्य खाली गेला की उजेडाला जास्त हवेतून यावं लागतं. निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबडा तेवढा पोचतो.

काहीजण म्हणतात, असला फोटो म्हणजे खोटा नखरा. मला नाही पटत. ते थर खरेच आहेत. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे ते थर. ज्यानं विहीर खणली त्याला ते ठाऊक असतात. कडा म्हणजे उघडी पडलेली विहीरच की!

माझी अडचण वेगळी आहे. नुसता कडा काढला तर तो दहा हात का शंभर हात, कळत नाही. म्हणून फोटोवाले त्यावर माणूस उभा करतात. मागं एकदा पावसाळा सरता सरता तिथं गेलो होतो. एक पोरगा, तसा गुणाचा, शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला सांगत होता, "मामा, थोडं पुढं सरका. अजून थोडं. इकडं नका बघू."

म्हातारा म्हणला, "लेकरा, तिथं माझी शेळीबी जात न्हाई."

पण सरकला. परगावच्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडं जमत नाही, आणि मला टोचतं ते हेच.

आता माणसाचं माप करणं वाईट, असं तरी कसं म्हणू? आपण विहीर परसानं मोजतो, पाणी कमरेएवढं म्हणतो, तूर डोक्याएवढी म्हणतो. पण परस मोजणारा स्वतः विहिरीत उतरलेला असतो. दुसऱ्याला काठावर ढकलून कुणी खोली मोजत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्या औसा तालुक्यातलं किल्लारी पडलं. तेव्हाही फोटो निघाले. दगडांच्या ढिगापुढं बसलेलं माणूस दिसलं, तेव्हा लांबच्या लोकांना त्या ढिगाची उंची कळली, आणि धान्य आलं, पांघरुणं आली. त्या फोटोंना मी नावं ठेवणार नाही. ढिगारा त्या माणसाचा होता, गरजही त्याचीच होती. इथं कड्यावर गरज कुणाची? फोटोवाल्याची. मग जोखीम म्हाताऱ्यानं का घ्यावी? तोंडही दिसू नये म्हणून त्याला पाठ फिरवायला लावायची, म्हणजे तर तो खुंटीसारखाच झाला.

मी त्या पोराला म्हणलं, "आण तो मोबाईल. फोटो मी काढतो, तू उभा राहा."

त्यानं पुढं जाऊन खाली डोकावलं अन् दोन पावलं मागं आला. काही बोलला नाही. मग म्हाताऱ्यालाही मागं बोलावलं, शेळ्यांपाशी उभं केलं, नाव विचारलं. फोटोत कडा जरा बुटका आला. म्हाताऱ्यानं मोबाईल हातात धरून पहिल्यांदा शेळ्या मोजल्या.